सातव्या कोष्टकातील बिंदू

॥ श्री ॥
महाल, नागपूर
कार्तिक शुद्ध द्वादशी, शके १९०१
गुरुवार, १ नोव्हेंबर १९७९

चि. सत्यवतीस आशीर्वाद.

सहा वर्षांनंतर माझे अक्षर पाहून तू हे पाकीट फोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी न्याहाळशील, हे मी जाणतो. महालातून सक्करदऱ्यास टपालाने पत्र पाठवणे हास्यास्पद आहे. सकाळचे आन्हिक आटोपून पायी निघालो, तर माध्याह्न संध्येपूर्वी परत येता येईल एवढेच हे अंतर. परंतु पायांना जे जमत नाही ते लेखणीस सांगावे लागते.

लिहिण्यास कारण बाबनराव. काल प्रबोधिनीच्या उपवासाचे केळे सोलता सोलता ते माझ्या ओट्यावर बसले होते. माझे पंचांग वीस वर्षे त्यांच्याच छापखान्यात छापले जात असे, हे तुला सांगावयास नको. लहानपणी त्याची मुद्रिते तूच वाचून दाखवीत असस. त्यांच्याकडून समजले की तुझ्या संस्थेने तुला गणकयंत्राच्या दालनातून काढले असून आता तू कोठीत कोऱ्या कार्डांची खोकी मांडतेस. 'निष्काळजी' असा शेराही तुझ्या सेवापुस्तकात चढला म्हणे. बाबनरावांचे शब्द जसेच्या तसे उतरवतो, म्हणजे तुला त्यांचा सूर ऐकू येईल.

"शास्त्रीबुवा, तुम्ही तं त्या काँप्युटरची पार जिरवली ना जी! पण पोरगी तुमचीच होय, हे मले काहून नाही सांगितलं? कव्हरावर नाव छापलं, सत्यवती हेडाऊ. आडनावावरून मले काय समजते?"

आणि उठताना म्हणाले, "जाऊ द्या. पुढच्या सालचं गणित आता तुमचंच."

तुला सर्व ठाऊक आहे. तरी माझी बाजू एकदा माझ्या हाताने मांडतो. गतवर्षी बाबनरावांनी मला न विचारता माझे पंचांग थांबवले आणि यंदाच्या गुढीपाडव्यास नवे पंचांग काढले. मुखपृष्ठावर ठसठशीत अक्षरे होती : 'गणकयंत्राने सिद्ध केलेले नागपूरचे पहिले पंचांग'. मी ते विकत आणून पाटावर ठेवले आणि तीन महिने उघडले नाही. आषाढात उघडले. त्यात प्रबोधिनी एकादशी मंगळवारी दिली होती. माझ्या गणिताने ती बुधवारी येत होती. मी दैनिकाच्या 'जनमत' सदरास पत्र लिहिले. त्यापुढे जे घडले त्याचा कर्ता मी नव्हे. सगळे गाव त्या सदरात उतरले.

तूही ती पत्रे वाचली असशील. बँकेतील एका कारकुनाने लिहिले की यंत्र आज तिथी मोजते, उद्या आमच्या खुर्चीवर बसेल. एका प्राध्यापकांनी भाकीत केले की लवकरच मुंबईचे यंत्र नागपूरच्या यंत्राशी टेलिफोनच्या तारेवरून आपण होऊन बोलेल. त्यावर निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारले की मुंबईचा ट्रंक कॉल लागावयास आम्हांस चार तास लागतात, तर आधी माणसांचे बोलणे जोडावे, यंत्रांचे मागाहून. कोणा गृहिणीने भिवापुरी मिरची पाट्यावर वाटलेली आणि मिक्सरमध्ये फिरवलेली यांतील भेद दीड स्तंभभर सांगितला. तिला उत्तर देणाऱ्याने 'पाट्याच्या भक्त ताईंस' असे संबोधून विचारले की ताई घरी विजेचा दिवा लावतात की पणती. पुढे तर लोक एकमेकांची पत्रे न वाचताच उत्तरे देऊ लागले. कोण काय म्हणाला यापेक्षा कोण कोणाच्या बाजूचा, एवढेच उरले.

मी नऊ पत्रे लिहिली. आठव्यात मी तुला 'यंत्राच्या वकीलबाई' म्हटले. तो शब्द मला आवडला होता, हे नाकारत नाही. परंतु मुखपृष्ठावरील नाव तुझे आहे हे मला फार उशिरा समजले. माझा वाद यंत्राशी होता. तुझ्याशी नव्हता.

एवढे कळावे म्हणून लिहिले.

गोपाळशास्त्री

॥ श्री ॥
महाल
कार्तिक वद्य पंचमी
शुक्रवार, ९ नोव्हेंबर १९७९

चि. सत्यवतीस आशीर्वाद.

उत्तर आले नाही. येईल अशी अपेक्षाही धरली नव्हती. तरी टपालवाला गल्लीत शिरला की माझा जप चुकतो आणि मणी पुन्हा मेरूपासून धरावा लागतो.

उत्तराऐवजी काल मारोतराव आले, तुझे सासरे. त्यांना मी यापूर्वी कधी पाहिले नव्हते. तुमच्या विवाहास मी आलो नव्हतो. धोतर गुडघ्यापर्यंत, खांद्यावर स्वतः विणलेले उपरणे, आणि डोळे अधू असल्याने मान किंचित पुढे. ते ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले. वर या, असे म्हणण्यास मला वेळ लागला, आणि तोवर ते बसून गेले होते.

"रामराम शास्त्रीबुवा. तुमचं पत्र आलं घरी. सूनबाईनं वाचलं आन् देवापाशी ठेवून देल्लं. काही बोलली नाही. आमचा पोरगा गिरिधर म्हणे आपुन कायले मंधात पडा. म्या म्हटलं, मी जाऊन पाहतो."

मी विचारले, पाणी घेता का. ते म्हणाले, "नको जी, वाटेत पिऊन आलो." परंतु स्वयंपाक करणाऱ्या रुख्माबाईने आतून तांब्या आणून पुढे केला, तेव्हा त्यांनी तो एका दमात रिकामा केला.

मग त्यांनी बंडीच्या खिशातून एक कार्ड काढून माझ्या हाती दिले. लांबट, पिवळसर, एक कोपरा कापलेला, आणि जागोजागी चौकोनी भोके. तुमच्या यंत्रास असली कार्डे भरवतात हे मी नऊ पत्रांत लिहिले होते. हातात मात्र पहिल्यांदा धरले.

"सूनबाईनं मले हे दाखवलं तं मी हासलो. म्हटलं, पोरी, हे तं आमच्या मागावरचे काठाचे पुठ्ठे होय! भोक असन तिथं धागा उचलते, नसन तिथं नाही उचलत. माग काही मोर वळखत नाही जी. तो पुठ्ठा वळखते."

मी म्हटले, "उपमा चांगली आहे."

"उपमा नाही जी, धंदा हाय. मोराची मान वाकडी आली तं आम्ही मागाले शिव्या नाही देत. पुठ्ठा पाहतो. पुठ्ठा बराबर असन तं ज्या कागदावरून तो पाडला, तो कागद पाहतो. सूनबाई म्हणते, पुठ्ठे तीनदा तपासले, बराबर हायेत. मंग कागद कोनाचा होता जी?"

समोरच्या घराच्या कौलांवर कबुतरे बसली होती. मी ती मोजली. अकरा होती.

मारोतराव वहाणा पायांत सरकवीत म्हणाले, "तिले इचारलं, तं चूप राहते. तुम्हीबी चूप. दोघंही एकाच घरचे, हे मले आज पटलं."

ते गेल्यावर रुख्माबाई तांब्या उचलण्यास आली. गेली अठरा वर्षे ती या घरात आहे. तुझ्या आईच्या शेवटच्या आजारात तिनेच सर्व केले. ती म्हणाली, "'पाणी घेता काय' म्हणून कोणी पाणी देते काय जी? 'घ्या' म्हणा लागते. येवढं शास्त्र वाचलं तुम्ही!"

या आठवड्यात मी कोणाकोणाला उत्तर दिले नाही, याची गणती मी करीत नाही.

बाबनराव आणि मंडळी माझा सत्कार करणार आहेत. शाल, श्रीफळ, मानपत्र. 'यंत्रयुगात शास्त्राची ध्वजा फडकत ठेवल्याबद्दल' असा मजकूर ते काल वाचून दाखवीत होते. मी 'ध्वजा' शब्दाच्या जागी दुसरा शब्द सुचवला. बाकी मजकुरास हरकत घेतली नाही.

मारोतरावांचे कार्ड माझ्याकडेच राहिले आहे.

गोपाळशास्त्री

॥ श्री ॥
महाल
कार्तिक वद्य चतुर्दशी
रविवार, १८ नोव्हेंबर १९७९

चि. सौ. सत्यवती हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मागील दोन्ही पत्रांत मी तुझ्या नावापूर्वी 'सौ.' लिहिले नव्हते. ती विस्मृती नव्हती. हे तुझ्या ध्यानी आले असेलच. अक्षरातली आणि अंकातली उणीव तुझ्या नजरेतून कधी सुटली नाही.

नित्य संध्येपूर्वी संकल्प करावयाचा असतो. त्यात देश आणि काल उच्चारावा लागतो : मी कोठे उभा आहे, कोणते वर्ष, कोणता मास, कोणती तिथी. बावन्न वर्षे मी हे न अडखळता उच्चारीत आलो. मारोतराव येऊन गेल्यापासून तिथीपाशी माझी जीभ थबकते. पळीतील पाणी तळहातावर तसेच राहते आणि बोटांतून गळून जाते. ज्याने तिथीच्या चुकीविषयी असत्य पसरवले त्याच्या मुखातील तिथी सूर्यनारायणाने का स्वीकारावी, असे मनात येते.

म्हणून आता क्रमाने सांगतो. गाळावयाचे काही नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिले की तुझे नाव मला उशिरा समजले. ते खोटे आहे. पंचांग निघण्यापूर्वीच, गतवर्षी आश्विनात, मला ठाऊक होते. कारण तू मला जवाबी कार्ड पाठवले होतेस. एका अर्ध्यावर तुझा प्रश्न, आणि जोडलेल्या कोऱ्या अर्ध्यावर तुझ्याच अक्षरात तुझा पत्ता, म्हणजे मला केवळ एक ओळ लिहून ते पेटीत टाकावे लागावे. तू लिहिले होतेस :

'ती. बाबांस सा. न. संस्थेच्या यंत्रावर पंचांगाचे गणित करीत आहे. लग्नापूर्वी उतरवून घेतलेली तुमची कोष्टके वापरते आहे. सर्व कोष्टकांत घटी आणि पळे यांमध्ये बिंदू आहे आणि तो साठाचा आहे असे तुम्हीच शिकवले. परंतु सातवे कोष्टक, सूर्योदयाच्या दुरुस्तीचे, तुमच्या मूळ वहीत निराळ्या शाईत होते. त्यात एकही अंक साठाच्या वर जात नाही, त्यामुळे पाहून ठरवता येत नाही. तेथील बिंदू साठाचा की शंभराचा? एवढेच कळवावे.'

कार्ड मी तीनदा वाचले. प्रश्न इतका नेमका होता की माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्याचाच मला राग आला. तुझ्या विवाहाच्या दिवशी मी देवापुढे म्हटले होते की तिचे पत्र येईल, माझे उत्तर जाणार नाही. त्याला मी व्रत समजत असे. कार्ड पोथीच्या बासनात ठेवले आणि तुझ्या मंडळींचे पंचांग माझ्यावाचून कसे होते ते पाहू, असे मनाशी म्हटले. हे शब्द मी मनाशी म्हटले होते, सत्यवती. आज ते कागदावर उतरवतो आहे.

सातवे कोष्टक मी तुझी आई गेली त्या वर्षी केले. त्या दिवसांत माझे चित्त ठिकाणावर नव्हते. हाताशी असलेल्या इंग्रजी पुस्तकातील अंक घटींच्या दशांशांत बदलले आणि तसेच उतरवून ठेवले. साठाच्या रीतीत बसवण्याचे मागाहून करीन म्हटले, ते राहिले. स्वतः वापरताना मला ठाऊक असे, म्हणून कधी अडले नाही. तुला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तू दहा वर्षांची असताना मी पाटावर वालाचे दाणे मांडून तुला शिकवले होते : साठ झाले की वरच्या घरात एक. 'आणि शंभर झाले तर?' असे तू विचारलेस, तेव्हा मी हसून म्हटले होते, 'आपल्या घरात शंभर होत नाहीत.' माझे उत्तर आले नाही तेव्हा तू त्याच शिकवणीवर विसंबलीस. ०.४५ या अंकाची तू पंचेचाळीस पळे धरलीस. घटीची पळे साठ, म्हणून शंभराच्या बिंदूने ती सत्तावीस होती.

पंचेचाळिसातून सत्तावीस गेली की अठरा. अठरा पळे म्हणजे घड्याळाची सात मिनिटे. सूर्योदयी जी तिथी तीच त्या दिवसाची; त्या सात मिनिटांत दशमी सूर्योदयाच्या अलीकडे संपली आणि एकादशी एक दिवस आधी पडली.

आता सर्वांत वाईट ते. आषाढात पंचांग उघडून मी ताळा केला तेव्हा फरक बरोबर अठरा पळांचा आला. तो आकडा पाटीवर उमटताच मला सर्व समजले. कोणते कोष्टक, कोणती ओळ, कोणता बिंदू. पाटीवरचे पाणी वाळण्यापूर्वी समजले. आणि त्याच दुपारी मी 'जनमत'ला पत्र लिहिले की यंत्रास धर्म कळत नाही.

तुझे उत्तर त्या सदरात एकदाच आले. तू लिहिलेस की यंत्र दिलेले गणते, चूक दिलेल्या अंकांत असावी, शोधत आहोत. ती कोष्टके कोणाची, हे तू एका शब्दाने सांगितले नाहीस. सांगतीस तर गाव माझ्याकडे वळले असते. तू खोकी मांडावयास गेलीस, पण नाव घेतले नाहीस. आणि मी तुला वकीलबाई म्हटले.

बाबनरावांना सत्कार नको म्हणून सांगितले आहे. कारण विचारले तेव्हा म्हटले, कारण छापून येईल.

गोपाळशास्त्री

॥ श्री ॥
महाल
मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी
शनिवार, १ डिसेंबर १९७९

चि. सौ. सत्यवती हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

कारण छापून आले नाही. मी दैनिकास दहावे पत्र लिहिले, संक्षिप्त आणि स्पष्ट. तिसऱ्या दिवशी ते परत आले. सोबत चिठ्ठी : 'या विषयावरील पत्रव्यवहार आम्ही थांबवला आहे.' मी स्वतः कचेरीत गेलो. उपसंपादक सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी खुर्ची दिली.

"शास्त्रीजी, पाच महिने चाललं. आता लोक कंटाळले. नवीन विषय सुरू आहे, टेलिव्हिजन."

मी म्हटले, "माझी नऊ पत्रे छापलीत. नवांना खोडणारे एक छापा."

ते म्हणाले, "त्या नऊ पत्रांत भांडण होतं."

बाबनरावही आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आता हे कायले उकरता जी? यंत्र चुकलं, लोकायनं मानलं, तुमचं पंचांग परत आलं. पोरीचं वाईट वाटते तं तिले एखादी साडी पाठवा." आणि मग हळूच, "असं काही लिहिलं तं पुढच्या सालचं गणित मी कोनाकडून करून घेऊ? एकाचं यंत्र चुकते, एकाचं कोष्टक." मी म्हटले, जिने प्रश्न विचारला तिच्याकडून करून घ्या. ते उठून निघून गेले.

गल्लीच्या तोंडाशी मुरलीधराच्या देवळाबाहेर एक फळा आहे, तुला आठवत असेल. त्यावर मी रोज सकाळी खडूने वार, तिथी, नक्षत्र लिहितो. लोक दूध आणताना वाचतात. तृतीयेपासून मी त्यावर अधिक मजकूर लिहू लागलो :

'यंदाच्या गणकयंत्राच्या पंचांगात प्रबोधिनी एकादशी एक दिवस आधी पडली. ती चूक यंत्राची नाही आणि गणित करणाऱ्या सौ. सत्यवती गिरिधर हेडाऊ यांचीही नाही. कोष्टक माझे होते. त्यांनी मला विचारले होते. मी जाणूनबुजून उत्तर दिले नाही, आणि चूक कोठे आहे हे ठाऊक असता यंत्रास दोष दिला. सत्यवती माझी कन्या आहे. — गोपाळशास्त्री'

पहिल्या दिवशी दूधवाला कवडू सायकल टेकवून उभा राहिला. "शास्त्रीबुवा, आज तिथी कोनती ते लिहा ना जी. हा काय पेपर काढला?" मी म्हटले, तिथी खाली आहे. त्याने सर्व वाचले, पुन्हा वाचले, आणि घंटी न वाजवता गेला.

दुसऱ्या दिवशी कोणी खाली लिहिले : 'मग उपास मंगळवारचा खरा का बुधवारचा?' मी लिहिले : 'बुधवारचा.' त्याखाली निराळ्या अक्षरात : 'मंग भांडण कायले होतं?'

तिसऱ्या दिवशी फळा ओल्या फडक्याने पुसलेला आढळला. मी पुन्हा लिहिले. चौथ्या दिवशीही तसेच. विश्वस्तांपैकी एक म्हणाले की देवळाच्या फळ्यावर घरगुती गोष्टी नकोत. मी म्हटले, गावभर नेली तेव्हा ती घरगुती नव्हती. निवृत्त पोस्टमास्तर काठी टेकत मुद्दाम आले, आणि जवाबी कार्डाचे उत्तर न देणे हा टपालखात्याचाही अपमान आहे, असे मला चारचौघांत सुनावून गेले. ते योग्यच बोलले. नऊ पत्रे होती म्हणून नऊ दिवस लिहिले. काल नववी खेप झाली. काही मंडळी आता मला वाटेत पाहून पलीकडच्या बाजूने जातात. त्यांत माझ्या पंचांगाचे जुने ग्राहक आहेत.

मंगळवारी तुझ्या संस्थेत गेलो होतो. तू कोठीत असशील म्हणून त्या बाजूस वळलो नाही. तुझ्यासमोर तुझी रदबदली करणे मला साधले नसते. तुमचे अधिकारी दक्षिणेकडील तरुण गृहस्थ आहेत. मी सातवे कोष्टक, मूळ शाईतले, त्यांच्यापुढे ठेवले आणि तुझ्या प्रश्नाचे कार्डही ठेवले. त्यांनी टपालाचा शिक्का भिंगातून पाहिला. मग बिंदूविषयी एकच प्रश्न विचारला, आणि तो तुझाच होता. मी उत्तर दिले. इतके सोपे होते ते.

ते म्हणाले, "पंडितजी, ये कार्ड हमें फाइल में रखना पड़ेगा."

मी विचारले, कोरा अर्धा भाग मला फाडून घेता येईल का. त्यांना कारण समजले नसावे, तरी त्यांनी पट्टी लावून तो स्वच्छ फाडून दिला.

तुझ्या सेवापुस्तकातील शेरा खोडला जाईल, असे त्यांनी माझ्यासमोर लिहिले. यंत्राचे दालन मात्र लगेच नाही. तुझ्या जागी दुसरा नेमला आहे आणि त्याला काढण्यास कारण नाही. "देखेंगे," एवढेच. जे मी पाच महिन्यांत मोडले ते एका मंगळवारी पूर्ण जुळले नाही. हे तुला माझ्याकडून कळावे, दुसऱ्याकडून नव्हे.

मारोतराव पुन्हा आले तर मी 'घ्या' म्हणेन. रुख्माबाईने माझ्याकडून तसे दोनदा म्हणवून घेतले आहे.

तुझा पिता,
गोपाळ

[जवाबी कार्डाच्या उत्तराच्या अर्ध्यावर. पत्ता मुलीच्या अक्षरात.]

मार्गशीर्ष वद्य पंचमी
८ डिसेंबर १९७९

चि. सौ. सत्यवती हीस,

तुझे आश्विनातले कार्ड पोचले. उत्तरास चौदा महिने उशीर झाला.

सातव्या कोष्टकातील बिंदू शंभराचा आहे. इतर सर्वत्र साठाचा. संशय घेतलास ते योग्य होते. आपल्या घरातही शंभर होतात, हे मी तुला तेव्हाच सांगावयास हवे होते.

नवव्या कोष्टकात तिसऱ्या ओळीतील एक अंक मला आता नीट दिसत नाही. तीन असावा किंवा आठ. तुझ्या वहीत तो स्पष्ट असेल. गिरिधररावांसह येऊन एकदा ताडून पाहावे, ही विनंती. सोबत जवाबी कार्ड जोडता येत नाही, कारण हेच ते आहे.

बाबा